दुसऱ्या करारापर्यंत

या पुस्तकात भेटणारी बहुतेक मुलं कायद्याच्या हिशेबाने आता मुलं राहिलेली नाहीत. वयं अठरा ते पंचवीसच्या मधली. कुणी सातव्या-आठव्या वर्षी घर सोडून दादर, कल्याण नाहीतर पुणे स्टेशनवर उतरलं. कुणाचा जन्मच फुटपाथवरचा. कुणी आईबरोबर पुलाखाली राहत होतं आणि आई गेल्यावर एकटं पडलं. पोलीस, बालकल्याण समिती, बालगृह हा पुढचा रस्ता थोड्याफार फरकाने सगळ्यांचा सारखा. तिथे शाळा झाली, एखाद्याचा आयटीआय झाला आणि एक दिवस कागदावर अठरा वर्षं भरली. ही तारीखही पुष्कळांच्या बाबतीत शाळेत नाव घालताना कुणीतरी ठोकून दिलेली असते, बहुधा १ जून. त्या अंदाजपंचे तारखेला सरकारी सांभाळ संपतो आणि पेटी उचलून बाहेर पडायची वेळ येते.

मूल रस्त्यावरून संस्थेत कसं आलं, याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. संस्थेतून बाहेर पडल्यावर ते कुठे राहिलं, डिपॉझिट कुणी भरलं, पहिल्या घरमालकाने का काढलं, हे मात्र कार्यकर्त्यांच्या डायऱ्यांत आणि कुणी न वाचलेल्या अहवालांत पडून राहिलं. हे पुस्तक तिथून सुरू होतं. नवख्या वाचकाला या क्षेत्राची ओळख करून देण्याचं काम संपादकांनी माझ्यावर टाकलं आहे. ते करण्याआधी माझं एक मत सांगून टाकतो. खोली मिळवून देणं हा या कामातला तुलनेने सोपा भाग आहे. ओळखीचा मालक, एखादा देणगीदार, थोडी भीड, एवढ्यावर पहिला अकरा महिन्यांचा करार होऊन जातो. कस लागतो तो दुसऱ्या कराराला. बाराव्या महिन्यात तो मुलगा त्याच खोलीत किंवा स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या दुसऱ्या खोलीत आहे की नाही, यावर मी कुठल्याही पद्धतीची पारख करतो. पुढचं सगळं याच कलाने लिहिलं आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

भाडेकराराची नोंदणी आता घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, मालकाचे आणि भाडेकरूचे फोटो काढतो, अंगठे घेतो, दोन साक्षीदार बसवतो आणि तासाभराच्या आत काम उरकतं. अशा एका नोंदणीला मी साक्षीदार होतो. भाडेकरू एकवीस वर्षांचा, एका मॉलमध्ये कामाला, पगार वेळेवर. एजंटने सवयीने विचारलं, ‘कायमचा पत्ता?’ मुलाने आधार कार्डावरचा सांगितला. तो अर्थातच संस्थेचा. मालकीणबाई म्हणाल्या, ‘हे हॉस्टेल आहे का? मग गाव कुठलं तुमचं?’ त्याने क्षणभर थांबून ‘बीड’ म्हटलं. खाली चहा पिताना कळलं, बीडला हा जन्मात गेलेला नाही. संस्थेतल्या एका मित्राचं ते गाव. ‘सर, गाव नाही म्हटलं की पुढचे पाच प्रश्न येतात,’ एवढंच तो म्हणाला.

मालकीणबाईंचा प्रश्न खवचट नव्हता. मुंबई-पुण्यात माणूस पूर्वापार गावाच्या ओळखीवर पाय रोवत आला आहे. गिरणगावात कोकणातून किंवा घाटावरून आलेला कामगार पहिल्या रात्री गावकरी मंडळाच्या खोलीत पथारी टाकायचा. एका खोलीत एकाच गावचे कितीतरी जण, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपायच्याही पाळ्या, जेवण खानावळीत. धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे आणि आचाऱ्यांचे ‘कूड’ होते, तेही गावागावांचे. बोटीवरचं काम संपलं की आपल्या गावच्या क्लबात खाट ठरलेली. खिशात पैसे नसले तरी चालायचं, कारण भाडं थकलं तर निरोप कुठे धाडायचा ते सगळ्यांना ठाऊक असायचं. आज सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारा लातूरचा मुलगाही अशाच साखळीने आलेला असतो: चुलतभावाचा मित्र, तालुक्याचे सर, ओळखीची मेस. संस्थेत वाढलेल्या मुलाकडे नोकरी असू शकते, पगार असू शकतो, बँकेत थोडी शिल्लकही असते. त्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नसतं. म्हणून या क्षेत्रातले निरनिराळे पंथ मी एकाच प्रश्नाने ओळखतो: या मुलामागे कोण उभं राहणार, आणि किती काळ?

सगळ्यात जुनं उत्तर होतं, उस्ताद. १८५० च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने अनाथ आणि भटक्या मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून द्यायची सोय केली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा निघाली. शिस्त लावा, हातात हुन्नर द्या, पोटाचं तो बघेल, असा तो हिशेब. राहायचं कुठे हा प्रश्न या हिशेबात नव्हताच, कारण उस्तादाच्या दुकानात झोपायला जागा मिळे. त्याच शतकात धर्मसुधारकांनी दुसरं उत्तर दिलं: आश्रम. प्रार्थना समाजाचा पंढरपूरचा बालकाश्रम आणि पंडिता रमाबाईंचं केडगाव ही त्याची मोठी उदाहरणं. रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं ते विधवांसाठी. पण दुष्काळाच्या वर्षांत केडगावला आलेल्या बायका-मुलींचा लोंढा निराळा होता. तिथे शेती होती, माग होते, छापखाना होता. बाहेरच्या जगात जागा मिळेना, तर आतच एक जग उभं करायचं, हा त्यातला विचार. त्याचे तोटे नंतरच्या टीकाकारांनी पुरेसे सांगितले आहेत, पण ‘किती काळ’ या प्रश्नाला केडगावचं उत्तर तरी स्पष्ट होतं.

विसाव्या शतकात सरकार उतरलं. १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा, १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी, डोंगरीचं रिमांड होम, पुढे मानखुर्दच्या संस्था. या व्यवस्थेने पहिल्यांदा मान्य केलं की सुटल्यानंतरही काही काळ लक्ष ठेवावं लागतं. अनुरक्षण (आफ्टरकेअर) गृहं आणि परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी हे या विचाराचे वारस. मात्र ‘लक्ष ठेवणं’ हे तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या धर्तीवर बेतलेलं होतं आणि तो वास अजून पुरता गेलेला नाही. त्यातच १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आला. सतरा वर्षांचा मुलगा फलाटावर सापडला तर त्याला संरक्षणाची गरज आहे असं एक खातं म्हणणार; तोच दोन वर्षांनी तिथेच सापडला तर दुसरं खातं त्याला भिक्षेकरी गृहात पाठवू शकणार.

स्वयंसेवी संस्थांचा काळ १९६० पासून सुरू होतो आणि १९८० नंतर भरभराटीला येतो. १९६२ साली मुंबईत जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केलेल्या स्नेहसदनने मोठ्या वसतिगृहाऐवजी छोटी घरं आणि त्यात आईबापांच्या जागी एक जोडपं अशी रचना केली. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला आणि फुटपाथवरची माणसं रोजगारासाठीच तिथे राहतात हे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं. हटवायला परवानगी मिळाली ती मिळालीच. त्याच सुमारास ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांची मोजणी केली, आणि महिला मिलनच्या बायकांनी पुढे मानखुर्दला स्वतःची घरं उभी करून दाखवली. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’ चित्रपटातून सलाम बालक ट्रस्ट जन्माला आला. संस्थेच्या भिंतींऐवजी स्टेशनजवळ दिवसा येऊन-जाऊन राहता येईल अशी जागा, ही पद्धत त्यानंतर रुळली. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक सुरू झाला. समतोल फाउंडेशनसारख्या संस्थांनी तिसरीच दिशा धरली: शिबिर घ्यायचं, मुलाचं मन वळवायचं आणि त्याला स्वतःच्या घरी पोचवायचं. घरी परत जाणं ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही, असं मला वाटतं. ज्यांनी दारुड्या बापाच्या माराला कंटाळून घर सोडलं त्यांना तीन-तीनदा परत पोचवलेलं मी पाहिलं आहे, तेव्हा या वाक्यातला ‘ज्यांना शक्य आहे’ हा भाग सोडू नये.

या सगळ्यात निराळ्या उभ्या राहतात त्या सिंधुताई सपकाळ. त्यांनी अठरा वर्षांची रेघ मानलीच नाही. मोठी झालेली मुलं, मुली, सुना, जावई, नातवंडं सगळी त्यांच्या गोतावळ्यात राहिली. लग्न करून दिलेल्या मुलीला परत यायला माहेर होतं, ही गोष्ट बाहेरून भाबडी वाटते, पण मुलींच्या बाबतीत तोच कळीचा मुद्दा आहे. मुलगी अठराची झाली की स्थळ बघून मोकळं व्हायचं, ही अनेक संस्थांची अलिखित रीत. लग्न हाच तिच्या निवाऱ्याचा बंदोबस्त. ते मोडलं तर ती जाणार कुठे? सासरच्यांनाही ठाऊक असतं की हिला विचारायला मागे कुणी नाही. सिंधुताईंचं उत्तर एका बाईच्या आयुष्यावर तोललेलं होतं. त्याची योजना करता येत नाही. २०२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा हे पुन्हा जाणवलं.

कायदा आज काय म्हणतो? १९८६, २००० आणि २०१५ अशा तीन बालन्याय कायद्यांतून अनुरक्षणाची कल्पना हळूहळू ठळक झाली. २०१५ च्या कायद्याचं ४६ वं कलम अठरा वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक साहाय्य देता येईल असं सांगतं. देता येईल, दिलंच पाहिजे असं नाही. वयाची मर्यादा एकवीस, अपवादात्मक परिस्थितीत तेवीस. २०१६ च्या आदर्श नियमांत सहा ते आठ जणांच्या तात्पुरत्या सामूहिक निवासाची तरतूद आहे, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन आहे, समुपदेशक आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत दरमहा दरडोई ४,००० रुपये आहेत. पुण्यात कॉट आणि मेस यांतच ते संपतात. बसचा पास उरतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे पैसे मिळवायला अर्ज, प्रस्ताव, समितीची बैठक, मंजुरी असा फेरा असतो आणि घरमालकाला भाडं पाच तारखेला लागतं.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. त्यामागे अमृता करवंदे या तरुणीचा लढा होता. गोव्यातल्या संस्थेत वाढलेली ही मुलगी अठराव्या वर्षी पुण्याला आली, पहिली रात्र स्टेशनवर काढली, पडेल ती कामं करून शिकली आणि स्पर्धापरीक्षेत एका प्रमाणपत्रावाचून अडली. आरक्षणाचा निर्णय मोठाच. पण तिच्या कहाणीत वर्तमानपत्रांनी परीक्षेचा भाग उचलला आणि ती पहिली रात्र रंगत आणण्यापुरती वापरली, असं माझं मत आहे. अठराव्या वर्षी संस्थेतून निघालेल्या मुलीला दुसऱ्या शहरात पहिल्या रात्री छप्पर मिळण्याची काहीच सोय नव्हती, ही त्यातली बातमी होती.

परदेशातलं थोडं सांगायला हवं, कारण या पुस्तकातले काही लेखक त्याचा आधार घेतात. लंडनच्या सोहोमध्ये १९६९ साली चर्चच्या तळघरात सेंटरपॉइंट सुरू झालं ते घरातून पळून आलेल्या तरुणांना एका रात्रीपुरतं छप्पर द्यायला; आज ती निवास, नोकरी, आरोग्य सगळं पाहणारी मोठी संस्था आहे. फ्रान्समध्ये महायुद्धानंतर तरुण कामगारांसाठी ‘फॉयर’ नावाची निवासगृहं निघाली, जिथे खोली आणि प्रशिक्षण एकमेकांना बांधलेलं असतं. १९९० नंतर ती कल्पना ब्रिटनने उचलली. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुणाला एक ठरावीक सल्लागार दिला. या सगळ्यांहून वादग्रस्त ठरलं ते ‘हाउसिंग फर्स्ट’. १९९२ मध्ये न्यूयॉर्कला मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी रूढ क्रम उलटा केला. तोवरची रीत अशी: आधी व्यसन सोड, औषधं घे, निवारागृहात नीट वागून दाखव, मग तात्पुरती जागा, आणि शेवटी घर. त्यांनी घर आधी दिलं, अट न घालता, आणि मदतीची माणसं दारात उभी केली. कॅनडाने २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत सुमारे दोन हजार माणसांवर याची रीतसर चाचणी घेतली; घरात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण रूढ पद्धतीपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. तरुणांसाठी कॅनडात पुढे त्यात फेरफार झाले, कारण सतरा-अठराच्या पोराला हक्काची खोली नुसती देऊन भागत नाही. त्याने अजून भाजीसुद्धा स्वतः आणलेली नसते.

आपल्याकडे हे चालेल का? जसंच्या तसं नाही. भाड्याची सार्वजनिक घरं आपल्याकडे नाहीतच म्हटलं तरी चालेल. २०२० मध्ये स्थलांतरित मजुरांना समोर ठेवून परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना आली, पण या मुलांपर्यंत ती पोचवायची तर आधी कुणीतरी त्यांना मजूर म्हणून तरी मोजायला हवं. तरीही ‘हाउसिंग फर्स्ट’मधलं मर्म, म्हणजे चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून घर द्यायचं नाही, हे मला पूर्ण पटतं. आपल्या संस्थांच्या हाडीमांसी नेमकं उलटं रुजलेलं आहे. ‘सिगारेट ओढताना दिसलास तर ग्रुप होममधून बाहेर,’ ही अट घालणारे कार्यकर्ते वाईट नसतात. स्वतःच्या पोटच्या पोराला त्या कारणाने त्यांनी कधी घराबाहेर काढलं नसतं, एवढंच.

ग्रुप होम हा सध्या महाराष्ट्रात सर्वात जास्त चालणारा प्रयोग, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यावर आहे. संस्था स्वतःच्या नावावर दोन खोल्यांची जागा घेते, चार-पाच मुलं राहतात, जवळपास एखादा दादा किंवा ताई असते. काही ठिकाणी भाड्यातला मुलांचा वाटा दर तिमाहीला वाढत जातो, म्हणजे बाहेर पडेपर्यंत पूर्ण भाडं भरायची सवय लागलेली असते. कागदावर सुटसुटीत. घरात शिरलं की भांडी कुणी घासायची, सिलिंडर संपला तर पैसे कुणाचे, आणि फलाटावरचा जुना मित्र आठ दिवस झोपायला आला तर काय करायचं, हे प्रश्न उभे राहतात. शेवटचा सगळ्यात अवघड. सोसायटीचा सेक्रेटरी त्यावरूनच नोटीस काढतो. पण त्या मित्राने कधीकाळी या मुलाला वडापाव खाऊ घालून जगवलेलं असतं. मित्राला दारातून परत पाठव असं सांगणारा कार्यकर्ता मुलाला त्याचं एकमेव नातं तोडायला सांगत असतो. दुसरं, एकटेपण. चाळीस जणांच्या हॉलमध्ये दहा वर्षं झोपलेल्याला रिकामी खोली खायला उठते. नोकरी चांगली चालली असताना रात्री स्टेशनवर जाऊन झोपणारे तरुण असतात. ते ‘बिघडले’ म्हणून डायरीत नोंद होते. खरं तर ते ओळखीच्या आवाजात झोपायला गेलेले असतात. पहिला करार मोडतो तो बहुतेक वेळा भाडं थकून मोडत नाही, अशाच कारणांनी मोडतो. म्हणून खोलीच्या किल्लीइतकीच परत येण्याची मुभा महत्त्वाची: एकदा फसलं तर दुसरी खोली, तिसरी खोली. देणगीदारांना हे समजावणं कर्मकठीण, कारण त्यांच्या तक्त्यात ‘पुनर्वसन झाले’ असा एकच रकाना असतो.

हा विषय आत्ताच का, याची कारणं लांब शोधायला नकोत. २०२० च्या टाळेबंदीत वसतिगृहं बंद झाली, सगळ्यांना ‘घरी जा’ सांगितलं गेलं आणि ज्यांना घरच नव्हतं ते एकदम उघडे पडले. भाडी तर वाढतच आहेत. ऑनलाइन नोंदणी आणि पोलीस पडताळणीमुळे पूर्वी तोंडी शब्दावर मिळणारी खोलीही आता कागद मागते. आणि दुसऱ्या बाजूने, संस्थांमधून बाहेर पडलेली मुलं आता स्वतः संघटित होऊन बोलू लागली आहेत. या पुस्तकाचे निम्मे लेखक त्यांच्यातलेच आहेत.

संपादकांनी यशोगाथा मुद्दाम कमी ठेवल्या आहेत, आणि फसलेल्या करारांना जास्त पानं दिली आहेत. काहींना ते निराशाजनक वाटेल. मला वाटलं नाही. मुलांची भाषा त्यांनी सुधारलेली नाही, तीही बरी गोष्ट. उणिवा आहेत. मुंबई, पुणे, नागपूर यांच्यापलीकडचा महाराष्ट्र फारसा येत नाही. अपंग तरुणांवर एकच लेख आहे, तृतीयपंथी तरुणांवर एकही नाही, आणि अनुरक्षण गृहांत काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांची बाजू ऐकायला मिळाली असती तर काही वाद अधिक न्याय्य झाले असते. कुठली पद्धत बरोबर, याचा निवाडा पुस्तक देत नाही; चार पद्धती एकमेकांशेजारी ठेवून त्यांचे खर्च, वेळ आणि पडझड दाखवतं.

परिशिष्टात भाडेकराराचा नमुना आहे, पोलीस पडताळणीचा अर्ज भरण्याची माहिती आहे, अनाथ प्रमाणपत्रासाठी कुठे अर्ज करायचा आणि आधारवरचा संस्थेचा पत्ता कसा बदलायचा तेही आहे. ज्या कार्यकर्त्याच्या हाताशी आज एखादा मुलगा पेटी घेऊन बसला आहे, त्याने आधी ते वाचावं. प्रस्तावना नंतर वाचली तरी चालेल.